पाय दाबला, पण गाडी निघेना: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या अडखळण्यामागचा इतिहास

ऑटोमॅटिक गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर दम खाते आणि मग एकदम झेपावते. सर्व्हिस सेंटरमध्ये ही बहुतेक वेळा ‘पिकअपची तक्रार’ म्हणून लिहून घेतली जाते आणि उत्तर ठरलेलं असतं: या मॉडेलचं असंच आहे, सवय होईल. हा चालकाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे की नुसता चालवण्याच्या सुखाचा, हा वाद त्यामुळे वीस-पंचवीस वर्षं भिजत पडला आहे. माझ्या मते तो सुरक्षेचाच प्रश्न आहे. तसा तो का मानला गेला नाही, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक. तो 1940 च्या ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये आला. चार गिअर होते आणि गिअर पडताना झटका चांगलाच जाणवायचा. ब्युइकने 1948 मध्ये आणलेल्या डायनाफ्लोमध्ये झटका नव्हता, पण उचल फार संथ होती. तरी ‘कधी निघेल सांगता येत नाही’ अशी त्यांची गत नव्हती. पेडलपासून इंजिनापर्यंत तार किंवा दांडा जोडलेला असे, गिअर कधी बदलायचा ते तेलाचा दाब आणि गाडीच्या वेगानुसार तो दाब बदलणारा एक यांत्रिक गव्हर्नर ठरवी. गाडी संथ असली तरी रोज तेवढीच संथ असे, आणि चालकाचा पाय ते आठवडाभरात शिकून घेई.

चित्र पालटलं ते 1973 च्या तेलसंकटानंतर. अमेरिकेने 1975 मध्ये गाड्यांच्या सरासरी मायलेजची सक्ती करणारा कायदा केला. इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेलाच्या घसरणीत वाया जाणारी ताकद वाचवायला क्रायस्लरने 1978 च्या मॉडेलांमध्ये लॉकअप क्लच, म्हणजे दोन्ही बाजू थेट जोडून टाकणारा क्लच, दिला. कल्पना जुनीच होती, पॅकार्डने ती 1949 मध्ये वापरली होती, पण आता तिची गरज सगळ्यांनाच पडली. मग गिअर वाढत गेले: बीएमडब्ल्यूच्या 7 सीरिजमध्ये 2001 साली सहा, मर्सिडीजमध्ये 2003 साली सात, लेक्ससच्या एलएस 460 मध्ये 2006 साली आठ, 2013 मध्ये झेडएफ या जर्मन कंपनीचा नऊ गिअरचा. इंजिन शक्य तितक्या कमी फेऱ्यांवर ठेवायचं आणि वरचा गिअर लवकरात लवकर टाकायचा, हे यामागचं सूत्र. इंधन वाचतं. पण चालकाला अचानक जोर हवा असतो तेव्हा गिअरबॉक्सला एकदम दोन-तीन गिअर खाली यावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

याच काळात पाय आणि इंजिन यांच्यात संगणक येऊन बसला. क्रायस्लरचा 1989 चा अल्ट्राड्राइव्ह हा गिअर बदलण्याचा निर्णय पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक्सवर सोपवणाऱ्या सुरुवातीच्या गिअरबॉक्सपैकी एक. काही बिघडल्याची शंका आली की तो दुसऱ्या गिअरमध्ये अडकून बसायचा, हे त्याच्या मालकांना चांगलंच ठाऊक होतं. पुढे थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची, तारही गेली. आता पेडल म्हणजे एक विनंती असते. प्रदूषणाची मर्यादा, क्लचचं तापमान, गिअर बदलताना लागणारी इंजिनाची सबुरी, हे सगळं जमवून सॉफ्टवेअर ठरवतं की विनंती कधी आणि किती मान्य करायची. शिवाय हे सॉफ्टवेअर चालकाच्या सवयी ‘शिकत’ असतं, म्हणजे तोच पाय सकाळी वेगळं फळ देतो आणि संध्याकाळी वेगळं.

हा दोष कुठे पकडतो, ते जवळून पाहू. चौकाजवळ येताना तुम्ही पाय उचलला आहे, गाडी थांबायच्या बेतात आहे, जेमतेम आठ-दहा किलोमीटर वेगाने घरंगळते आहे. तेवढ्यात समोरच्या वाहतुकीत जागा दिसते आणि तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता. डबल क्लच या ऑटोमॅटिकच्याच एका प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये एका क्लचवर 1, 3, 5 आणि दुसऱ्यावर 2, 4, 6 असे गिअर असतात. ‘पुढे काय लागेल’ याचा अंदाज बांधून तो गिअर आधीच लावून ठेवायचा, ही त्याची खुबी. पण इथे त्याने अंदाज बांधलेला असतो थांबण्याचा. दुसरा सोडून पहिला लावण्याच्या मध्यावर तुमचा पाय पडला, तर त्या क्षणी दोन्ही क्लच सुटलेले असू शकतात. इंजिनाचा आवाज चढतो, चाकांपर्यंत काहीच पोचत नाही. घाबरून तुम्ही पाय आणखी दाबता, आणि क्लच जुळतो तेव्हा मागितल्यापेक्षा जास्त जोर एकदम येतो.

म्हणजे धोके दोन. आधी गाडी निघत नाही, मग हवी त्यापेक्षा जोरात निघते. थांबलेल्या, बऱ्यापैकी ताकदीच्या गाडीला दोन लेन ओलांडून पूर्ण बाहेर पडायला साधारण तीन सेकंद लागतात. त्यात एक सेकंद वाया गेला, तर ताशी 80 किलोमीटरने येणारी आडवी गाडी 22 मीटर जवळ आलेली असते. एवढं जादा अंतर हाताशी ठेवून कोणी चौक ओलांडत नाही.

2000 नंतरच्या दशकात टोयोटा कॅमरी आणि लेक्सस ईएसच्या मालकांनी नेमकी हीच तक्रार केली. कंपनीने सर्व्हिस सेंटरांना संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदलण्याच्या सूचना दिल्या, म्हणजे दुखणं ‘गिअर बदलाच्या अनुभवा’पुरतं मानलं गेलं. फोक्सवॅगनने 2003 मध्ये गोल्फ आर32 मधून आणलेल्या डीएसजी या डबल क्लच गिअरबॉक्सची गोष्ट वेगळी झाली. चीनमध्ये 15 मार्च 2013 रोजी सरकारी वाहिनीच्या ग्राहकदिनाच्या कार्यक्रमात त्यावर टीका झाली, आणि काही दिवसांत कंपनीने 3,84,181 गाड्या परत बोलावल्या.

फोर्डच्या पॉवरशिफ्टचं प्रकरण सर्वांत बोलकं आहे. अमेरिकेत फिएस्टा आणि फोकसमध्ये हा सुक्या क्लचचा गिअरबॉक्स आला. क्लच तेलात बुडवलेला नसल्याने इंधन वाचतं, पण मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या वाहतुकीत तो घासत राहतो आणि थरथरायला लागतो. कंपनीने 2014 मध्ये क्लचची वॉरंटी 7 वर्षं किंवा 1 लाख मैलांपर्यंत वाढवली. ऑस्ट्रेलियात तक्रारदारांना सांगितलं गेलं की हा तुमच्या चालवण्याच्या पद्धतीचा परिणाम आहे. तिथल्या फेडरल कोर्टाने एप्रिल 2018 मध्ये ग्राहकांशी केलेल्या या वागणुकीबद्दल 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. दंड योग्यच होता, पण तो ग्राहक कायद्याखाली झाला, वाहन सुरक्षेच्या कायद्याखाली नाही. एवढ्या गाजलेल्या प्रकरणातही प्रश्न पैशांचाच राहिला, हे मला अस्वस्थ करतं.

याचं मूळ नियमांत आहे. अमेरिकेचा 1966 चा वाहन सुरक्षा कायदा ‘अपघाताचा अवाजवी धोका’ हा निकष मानतो. त्याखालचं 124 क्रमांकाचं मानक 1973 पासून लागू आहे. पाय काढल्यावर थ्रॉटल किती वेळात पूर्वस्थितीला आला पाहिजे, हे ते सांगतं: मोटारींसाठी 1 सेकंद, कडाक्याच्या थंडीत 3. पाय दाबल्यावर गाडीने किती वेळात उत्तर द्यावं, याबद्दल त्यात एक ओळही नाही. भीती होती ती सुसाट सुटणाऱ्या गाडीची, आणि पुढच्या वादांनी ती पक्की केली. ऑडी 5000 वरून 1986 मध्ये काहूर माजलं, त्यानंतर ब्रेक दाबल्याशिवाय गिअर न पडण्याची सोय सर्वत्र रूढ झाली. टोयोटावरून 2009-10 मध्ये गदारोळ झाला, तेव्हा ब्रेकला ॲक्सिलरेटरपेक्षा वरचढ ठरवणारं सॉफ्टवेअर आलं. दोन्ही सुधारणा मोलाच्या. पण उशिरा निघणाऱ्या गाडीसाठी असं काहीच घडलं नाही. चालू वाहतुकीत इंजिन बंद पडणं हा सुरक्षादोष मानून रिकॉल झालेले आहेत, आणि एक-दीड सेकंद जोर न मिळणं हे त्याचंच धाकटं भावंड आहे.

प्रत्येक अडखळणं दोष नसतं, हेही खरं. ठरावीक, दर वेळी सारखी ढिलाई चालक पचवतो. दहापैकी नऊ वेळा चोख उत्तर देऊन दहाव्या वेळी गप्प बसणारी गाडी धोक्याची, कारण चालकाने अंदाज बांधलेला असतो त्या नऊ वेळांवर.

हे सिद्ध करणं मात्र कठीण. अमेरिकी नियमांनुसार गाडीतला अपघात-नोंदक टक्करीआधीच्या 5 सेकंदांतला वेग, ब्रेक आणि थ्रॉटल टिपायचा, तेही सेकंदाला दोनदा. एका सेकंदाचं अडखळणं त्यात दोन बिंदूंपुरतं उरतं, आणि गिअर कोणता होता, क्लच जुळलेला होता का, हे सक्तीच्या नोंदींत नाही. डिसेंबर 2024 च्या नव्या नियमाने ही मुदत 20 सेकंद आणि नोंदी सेकंदाला दहा केल्या. तोवरच्या गाड्यांबाबत पोलिसांच्या अहवालात एवढंच येतं, की चालकाने आडव्या वाहनाला वाट दिली नाही.