विमानातून सुटणारे ‘आगीचे गोळे’ क्षेपणास्त्र पाडत नाहीत

हवाई दलाच्या कसरतींचा व्हिडिओ ऐरोली-वाशीच्या सोसायटी ग्रुपांवर फिरतो तो याच दाव्यासह: ‘हे गोळे शत्रूचं क्षेपणास्त्र पाडतात.’ साफ चूक. हे फ्लेअर्स. विजेच्या ठिणगीने छोटा बार उडतो, मॅग्नेशियम-टेफ्लॉनची कांडी नळीतून बाहेर फेकली जाते आणि काही सेकंद इंजिनाहून प्रखर जळते. उष्णतेचा माग काढणारं क्षेपणास्त्र तिच्यामागे भरकटतं, एवढंच. तेही जुन्या पिढीचं. नवी क्षेपणास्त्रं उष्णतेचं चित्रच पाहतात, सहसा फसत नाहीत.

रडारवर चालणाऱ्या क्षेपणास्त्रावर तर फ्लेअरचा काडीचा परिणाम नाही! त्यासाठी चॅफ लागतं: ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेले केसासारखे काचतंतू, लांबीला रडारच्या तरंगलांबीच्या साधारण निम्मे, म्हणजे १० गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या रडारसाठी जेमतेम दीड सेंटिमीटर. १९४३ मध्ये ब्रिटिशांनी हॅम्बुर्गवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या उधळून जर्मन रडार असेच गोंधळवले होते.