तोंडाला पट्टी लावून झोपायचं हे खूळ आलं कुठून?

परवा मेडिकलमध्ये पेपर टेप मागितली तर दुकानदार म्हणाला कापूस पण देऊ का, जखम केवढी आहे. आता त्याला काय सांगणार की भाचा ती रात्री ओठांवर लावून झोपणारे, कारण म्हणे फुटबॉलवाला हालांड लावतो. (लावतो खरंच, २०२३ मध्ये एका पॉडकास्टवर त्याने स्वतःच सांगितलं.) भाच्याला वाटतं हे रीलवाल्यांनी शोधून काढलंय. पण तोंड मिटून झोपा हा प्रचार दीडशे वर्षांहून जुना आहे आणि तो सुरू केला एका चित्रकाराने.

जॉर्ज कॅटलिन हा अमेरिकन माणूस, वकिली सोडून चित्रं काढायला लागला आणि १८३० च्या दशकात तिथल्या मूळ टोळ्यांमध्ये फिरला, त्याने काढलेली त्या लोकांची शेकडो चित्रं आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. तिथे त्याला दिसलं की बाळ दूध पिऊन झोपलं की आई हलक्या हाताने त्याचे ओठ मिटवते, आणि त्याने ठरवूनच टाकलं की या लोकांच्या चांगल्या तब्येतीचं आणि सरळ दातांचं गुपित हेच. १८६० च्या दशकात यावर त्याने छोटंसं पुस्तक काढलं, त्यात आ वासून झोपलेल्यांची भयंकर चित्रं पण स्वतःच काढली. जगाला द्यायचा संदेश तीन शब्दांचा, तोंड बंद ठेवा, आणि तो प्रत्येक बाळाच्या खोलीत नि प्रत्येक पलंगाच्या खांबावर कोरावा असं त्याचं म्हणणं! त्याने हे आधी स्वतःवर करून पाहिलं होतं आणि आपली तब्येत त्यानेच सुधारली असं तो सांगायचा. पण त्यातल्याच ज्या मँडन टोळीच्या लोकांची चित्रं त्याने १८३२ मध्ये काढली ते पाचच वर्षांनी देवीच्या साथीत जवळजवळ संपले, तिथे मिटलेलं तोंड काही कामाला आलं नाही.

खरी पट्टी येते ती सोव्हिएत डॉक्टर कॉन्स्टँटिन बुटेयको यांच्या पंथातून. त्यांचीही सुरुवात स्वतःच्याच आजारापासून, बीपी प्रचंड वाढलेलं, आणि १९५२ मध्ये त्यांच्या डोक्यात आलं की आपण गरजेपेक्षा जास्त श्वास घेतो, त्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि दम्यासकट बरेच आजार त्यातून येतात. म्हणजे आपल्याला शाळेपासून शिकवतात दीर्घ श्वास घ्या, ते म्हणत होते तोच तर रोग आहे. कमी श्वास, नाकानेच श्वास, आणि रात्री तोंड उघडू नये म्हणून ओठांवर टेप. १९९० च्या दशकात ही पद्धत ऑस्ट्रेलियात पोचली, तिथे ब्रिस्बेनमध्ये ३९ दमेकऱ्यांवर चाचणी झाली, १९९८ मध्ये छापून आली. पंपाचा वापर बराच घटला पण फुफ्फुसाची क्षमता होती तेवढीच राहिली. पुढे नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी बाकीचं सगळं बाजूला ठेवून फक्त रात्रीची पट्टीच तपासली, २००९ मध्ये निकाल आला, दम्यावर काहीही फरक नाही. हे मात्र रीलमध्ये कोणी सांगत नाही.

दरम्यान झोपेच्या डॉक्टरांकडे टेप वेगळ्याच दाराने आली. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी झोपेत श्वास अडकणाऱ्यांसाठी नाकावाटे हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन आणलं, पण तोंड उघडलं की ती हवा तिथूनच बाहेर, मग कोणी हनुवटीला पट्टा बांधायचं तर कोणी सरळ टेप लावायचं. तो जुगाड होता, औषध नव्हे.

नाकाची बाजू मात्र खरोखर भक्कम होत गेली. नाक हवा गाळतं, गरम आणि ओलसर करतं हे माहीतच होतं, १९९५ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का या वैद्यकीय संस्थेत दिसलं की सायनसमध्ये नायट्रिक ऑक्साइड हा रक्तवाहिन्या सैल करणारा वायू तयार होतो आणि नाकाने घेतलेल्या श्वासाबरोबर तो खाली फुफ्फुसात जातो. मग २०२० मध्ये, नेमकं कोविडमध्ये सगळं जग श्वासाचाच विचार करत असताना, पत्रकार जेम्स नेस्टर यांचं श्वासावरचं पुस्तक आलं, त्यांनी स्टॅनफर्डच्या डॉक्टरांच्या देखरेखीत दहा दिवस स्वतःचं नाक बंद करून ठेवलं होतं आणि झोपताना टेप लावायचं तेही सांगतात. परत तेच, मी केलं, मला गुण आला. त्यानंतर टिकटॉक, आणि आता भाचा.

माझं म्हणणं एवढंच की नाक चांगलं हे एक आणि पट्टी चांगली हे दुसरं, आणि पुरावा जवळपास सगळा पहिल्याचा आहे. आपल्याकडे लगेच म्हणतात प्राणायामात हे होतंच, अहो पण तो जागेपणी करायचा, गुदमरलं तर माणूस थांबतो.

पट्टीचा पुरावा बघायचा तर तैवानमध्ये २०२२ ला सौम्य स्लीप एपनियाच्या, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार असलेल्या, २० जणांवर अभ्यास झाला, त्यांचे तासाला अडकणारे श्वास साधारण आठावरून पाचाच्या आत आले, चांगलं आहे पण माणसं वीस. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं की तोंड मिटल्यावर बऱ्याच जणांच्या श्वासातला हवेचा प्रवाह सुधारतो पण जे मुख्यतः तोंडानेच श्वास घेतात त्यांचा उलट कमी होतो. आणि मे २०२५ मध्ये कॅनडाच्या डॉक्टरांनी सगळे अभ्यास गोळा केले तर मिळाले दहा, माणसं मिळून २१३, त्यातल्या चार अभ्यासांत नाक चोंदलेलं असेल तर गुदमरण्याचा धोका असल्याचं लिहिलेलं. बऱ्याच अभ्यासांत नाक चोंदलेल्यांना आधीच बाहेर ठेवलं होतं. भाच्याच्या नाकाचं हाड वाकडं आहे, सर्दी बाराही महिने, टेप सध्या माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे आणि ईएनटीची अपॉइंटमेंट शनिवारची.