पयलो कोण इलो?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्टलंड बंदरात १९७२ पासून वेमथ स्पीड वीक हा शिडाच्या होड्यांच्या वेगाच्या स्पर्धेचा मेळावा भरतो. त्याचा एक व्हिडिओ मी मालवणच्या मामाला दाखवला. मामाचा जन्म होडीतच गेला. पडद्यावर एक विंडसर्फर, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभा राहिलेला गडी, सूं करून गेला, मग नुसतं पाणी. बऱ्याच वेळाने एक घरगुती, विचित्र होडी आली आणि गेली. मामाने चष्मा वर केला, "मगे पयलो कोण इलो?"

पहिला कोणीच नाही. ही शर्यतच नव्हे.

शर्यत आपल्याला ठाऊक आहे. सगळे एकत्र सुटतात, बोयऱ्याला वळसा घालतात, आधी परततो तो जिंकतो. त्यात वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी चढावं लागतं, शीड या बाजूचं त्या बाजूला घ्यावं लागतं, दुसऱ्याचा वारा अडवायचा कावाही चालतो. म्हणून शर्यतीची होडी अष्टपैलू लागते.

वेगाच्या स्पर्धेत प्रत्येक जण एकटा धावतो, दिवसभरात हवा तितक्या वेळा. विक्रमासाठीचं ठरलेलं अंतर ५०० मीटर. तेवढ्यातला सरासरी वेग काढायचा आणि आपली सर्वांत चांगली धाव मोजायची. वळायचं नाही, चढायचं नाही. मग होडी एकाच कामासाठी बांधली तर काय बिघडलं?

इथेच गंमत सुरू होते. १९७२ मध्ये पोर्टलंडलाच २६.३ नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे ४९ किलोमीटरचा, विक्रम करणारी क्रॉसबो ही उलांडीची (तोल राखायला बाजूला जोडलेल्या तरंगत्या ओंडक्याची) होडी होती. आपल्या उलांडीसारखीच, फक्त तिची उलांडी कायम वाऱ्याच्या बाजूला ठेवायची आणि माणसांनी तिथे जाऊन वजन द्यायचं. वारा दुसऱ्या अंगाने घ्यायची सोयच नाही. शर्यतीत पहिल्या वळणावरच ती बाद झाली असती. २०१२ मध्ये नामिबियाच्या वॉल्विस बेमध्ये पॉल लार्सनने सेलरॉकेट २ ही होडी ६५.४५ नॉटने, म्हणजे ताशी सुमारे १२१ किलोमीटरने हाकली. ५०० मीटर पंधरा सेकंदांच्या आत! वाऱ्याचा वेग त्याच्या निम्म्याहूनही कमी होता. तीही एकाच अंगाने धावणारी. धाव संपली की तिला दोर लावून ओढत परत न्यायचं.

जागाही निराळी लागते. शर्यतीला थोड्या लाटा चालतात, वेगाला मात्र जोराचा वारा आणि सपाट पाणी एकदम हवं. पोर्टलंडला ते जमतं, कारण चेसिल नावाचा गोट्यांचा लांबलचक बांध पश्चिमेच्या लाटा अडवतो आणि वारा वरून येऊ देतो.

हे वाचताना मला मालवणजवळचं देवबागच आठवलं. एकीकडे दर्या, दुसरीकडे कर्लीची खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. दुपारचा खारा वारा वायव्येकडून आला आणि पट्टीच्या आडोशाने दक्षिणेला धाव घेतली, की वारा तिरका पाठीमागून मिळतो. वेगाच्या धावेला हाच कोन लागतो. अडचण माडांची. वारा त्यांच्या झावळ्यांत अडकून झटक्याझटक्याने येतो. माझ्या मते तरी हौशी बोर्डवाल्यांनी एखाद्या मोकळ्या जागी करून बघायला हरकत नाही.

मामाला मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. हौशी लोक दंडाला जीपीएस बांधून वेग मोजतात, हेही सांगितलं. तो जाळ्याची गाठ मारता मारता म्हणाला, "खाडीत ओहोटी लागली काय होडी आपसूक पळता. तां खंयच्या हिशोबात धरतलंस?"

बरोबर होतं. जीपीएस जमिनीच्या हिशोबाने वेग दाखवतं, त्यामुळे ओढीचा वेगही आयता आपल्या खात्यात जमा होतो. शर्यतीत हा प्रश्न येत नाही, तिथे ओढ सगळ्यांना सारखीच. आता भरती-ओहोटीचं कोष्टक घेऊन बसलोय, पाणी थांबलेलं असेल आणि वाराही असेल अशी दुपार शोधत.