तेजल आणि कोषक

समजा, एका डोंगराळ देशात दोन वंश राहतात. तेजल उन्हावर जगतात. अंगावर ऊन पडलं की त्यांच्या शरीरात साखर तयार होते. पण त्यांना कातडी नाही, त्यामुळे पाऊस सरून वारा सुटला की ते वाळून जातात. कोषकांचं उलट. स्वतःच्या अंगातून धागे काढून ते घर विणतात, पाणी धरून ठेवतात, उघड्या कातळाला घट्ट बिलगून राहतात. अन्न मात्र त्यांना करता येत नाही. मग कोषकांनी घर बांधायचं, तेजलांनी रांधायचं, आणि जिथे एकट्याचा निभाव लागला नसता तिथे दोघांनी मिळून नांदायचं.

अद्भुतकथा रचणाऱ्यांना अशी जोडी फार आवडते. मलाही आवडते. पण बहुतेक कथा एवढ्यावरच थांबतात: दोघांना एकमेकांची गरज, म्हणून दोघांत सख्य. जीवशास्त्राचे प्रश्न तिथून पुढे सुरू होतात. देण्याघेण्याचा हिशोब कोणाच्या हातात? वेगळं व्हायची वेळ आली तर तग कोण धरेल? आणि मूल जन्माला आलं की त्याला जोडीदार कुठून मिळेल? उत्तरं कल्पनेतून काढायला नकोत, कारण हे दोन्ही वंश पुण्यातल्या घरोघरी गोडा मसाल्यात पडलेले असतात.

दगडफुलाचा एक पापुद्रा हातात घ्या. वरून राखाडी, खालून काळा, कडांना चुण्या पडलेल्या. तो मोडून तुटलेली कड चांगल्या भिंगाखाली धरा. राखाडी सालीच्या लगेच खाली एक बारीक हिरवट रेघ दिसते आणि तिच्याखाली पांढरा, भुसभुशीत गाभा. साल, गाभा आणि काळा तळ हे सगळं बुरशीच्या धाग्यांचं विणकाम. हिरवट रेघ म्हणजे एकपेशीय शैवल. अशा जोडीला लायकेन किंवा शैवाक म्हणतात. तिच्या वजनातला फार मोठा वाटा बुरशीचाच असतो.

सिंहगडाच्या वाटेवर काळ्या कातळावर फिकट चकत्या दिसतात, त्याही लायकेनच्याच. मे महिन्यात त्या मेल्यासारख्या कोरड्या असतात. पावसाचे चार थेंब पडले की बुरशीची साल भिजून पारदर्शक होते, खालचा हिरवा रंग वर उमटतो आणि काही मिनिटांत अन्न तयार व्हायला लागतं. २००५ साली फोटॉन-एम२ या यानातून दोन जातींचे लायकेन अवकाशात नेले होते. सुमारे पंधरा दिवस निर्वात पोकळी आणि सूर्याचे प्रखर किरण झेलून ते परत आले, आणि जिवंत होते. या चकत्या वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात, म्हणून चावीने कातळ खरवडून नावं कोरणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन, ते करू नका.

लायकेन म्हणजे दोन जीव आहेत, हे १८६७ मध्ये सायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने मांडलं, तेव्हा त्या काळचे नामांकित लायकेनतज्ज्ञ खवळले. श्वेंडेनरने तर बुरशीला धनी आणि शैवलाला तिचे गुलाम म्हटलं होतं. पुढे १८७९ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अंतोन द बारी यांनी भिन्न जीवांच्या एकत्र राहण्याला सहजीवन म्हटलं, आणि त्यात परजीवीपणाही धरला. हा मुद्दा पुढे लोक विसरले.

हिशोब पाहिला तर श्वेंडेनर अगदीच चुकीचे नव्हते. लायकेनमधलं शैवल आपण तयार केलेल्या साखरेचा मोठा वाटा बुरशीला देतं. त्याला वेगळं काढलं की ही गळती थोड्याच काळात थांबते. १९८१ मध्ये अहमदजियान आणि जेकब्स या संशोधकांनी एकाच बुरशीला वेगवेगळी शैवलं देऊन पाहिली. काहींशी तिचं जमलं, काहींना तिने मारून टाकलं. अहमदजियान यांच्या मते हा आटोक्यात ठेवलेला परजीवीपणा आहे.

मला मात्र दुसरी बाजू जास्त बोलकी वाटते. हीच बुरशी प्रयोगशाळेत एकटी वाढवली तर तिचा नुसता बेढब गोळा होतो. त्या चुण्या, त्या पाकळ्या शैवल भेटल्याशिवाय येतच नाहीत. उलट सह्याद्रीत पावसाळी खोडांवर जो नारिंगी थर चढतो, तो ट्रेंटेपोहलिया नावाच्या शैवलाचा असतो. उष्ण प्रदेशातल्या कित्येक लायकेनमध्ये राहणारं हे शैवल बाहेर एकटंही मजेत जगतं. म्हणजे धनी दिसणारा कोषकच जास्त परावलंबी आहे. कथेत हा ताण आणला तर दोन्ही वंश एकदम जिवंत होतील.

आणि मुलांचा प्रश्न तर त्याहून नाट्यमय. बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर एकटेच निघतात. जिथे पडतील तिथे योग्य शैवल भेटलं तर संसार, नाहीतर मरण. डिप्लोशिस्टिस नावाच्या लायकेनची एक जात तर आधी शेजारच्या लायकेनवर चढते, त्याचं शैवल वापरते आणि मोठी झाल्यावर दुसरं शैवल धरते. दगडफुलाच्या काही जातींनी वेगळा मार्ग काढला आहे. त्यांच्या कडांवर पिठासारखी भुकटी येते आणि तिच्या प्रत्येक कणात बुरशीच्या धाग्यांत गुंडाळलेल्या शैवलाच्या काही पेशी असतात. वारा तो कण नेईल तिथे जोडी आयतीच पोचते. पण मग जोडीदार बदलायची संधीही गेली. नव्या मुलखात जुनं शैवल टिकलं नाही तर दोघंही संपले.

२०१६ मध्ये या गोष्टीत तिसरं पात्र आलं. ब्रायोरिया नावाच्या गटातले दोन लायकेन, एक तपकिरी आणि दुसरं पिवळं, विषारी. दोघांतली बुरशी तीच, शैवलही तेच. मग हा फरक कशामुळे, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. टोबी स्प्रिबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशींमधली जनुकं तपासली, तेव्हा सालीत रुतून बसलेलं एक यीस्ट, म्हणजे एकपेशीय बुरशी, सापडलं, आणि पिवळ्या लायकेनमध्ये ते कितीतरी जास्त होतं. श्वेंडेनरनंतर जवळजवळ दीडशे वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली ही साल पाहिली जात होती. कोषकांच्या घराच्या भिंतीत राहणारा तिसरा वंश तोवर कोणाच्या नजरेस पडला नव्हता.