ड्राफ्टमधला चतुर सौदा आणि पळवाट: फरक कुठे आहे?

जळगाव, भुसावळ आणि धुळ्याची आम्ही मित्रमंडळी अमेरिकन फुटबॉलच्या मॅनेजमेंट गेमची ऑनलाइन लीग चालवतो. 32 संघांपैकी थोडे आमच्याकडे, बाकीचे कॉम्प्युटरकडे. ड्राफ्ट (संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचा वार्षिक कार्यक्रम) जवळ आला की वाद ठरलेलाच: "भो, गेमने ट्रेड, म्हणजे अदलाबदल, मान्य केली ना? मग चुकलं काय?"

चुकतं कुठे ते आधी आकड्यांत बघू. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइज या अमेरिकन संघाने प्रत्येक पिकला, म्हणजे ड्राफ्टमधल्या निवडीच्या पाळीला, गुण देणारा तक्ता बनवला. पहिला पिक 3000 गुणांचा, दहावा 1300, विसावा 850, पंचेचाळिसावा 450. म्हणजे दहावा देऊन विसावा आणि पंचेचाळिसावा घेतला तर हिशेब तंतोतंत जुळतो. समोरच्याला ठरावीक खेळाडू आत्ता हवा असतो, तुम्हाला दोन संधी हव्या असतात. हा चतुर सौदा.

पळवाटही वरून तशीच दिसते, कारण तिथेही एकाच्या बदल्यात अनेक असतात. पण बऱ्याच गेममधला कॉम्प्युटर नुसती बेरीज करतो. पाच राखीव खेळाडूंची किंमत मिळून पहिल्या फेरीच्या पिकएवढी भरली, की तो होकार देतो. मैदानात एका वेळी 11 जणच उतरतात आणि संघात जागा 53च, हे त्याच्या हिशेबात नसतं. रावेरचा व्यापारी वजन जास्त भरतं म्हणून नवतीच्या (चांगल्या प्रतीच्या) केळीच्या गाडीबदली वापसी (हलकी, नाकारलेली) केळी घेईल का?

याहून वाईट प्रकार म्हणजे कॉम्प्युटरच्या संघाकडून पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक घ्यायचा आणि मग त्याच संघाचा क्वार्टरबॅकही (चेंडू फेकणारा, संघाचा सगळ्यात महत्त्वाचा खेळाडू) स्वस्तात काढून घ्यायचा. तो संघ हरत जातो आणि हरणाऱ्याला ड्राफ्टमध्ये आधी निवड मिळत असल्याने तुमचा पिक आपोआप वर चढतो. याने लीगमधल्या बाकीच्यांचा हंगाम नासतो, म्हणून मला याची चीड येते.

काही जण इथे काउबॉइजचा स्टार खेळाडू हर्शेल वॉकर याचा दाखला देतात. 12 ऑक्टोबर 1989 रोजी काउबॉइजने त्याला मिनेसोटा वायकिंग्जला दिलं आणि खेळाडूंसोबत सशर्त पिक्स घेतले: आलेल्या खेळाडूंना काउबॉइजने संघातून काढलं तर त्यांच्या बदल्यात पिक्स काउबॉइजचे. वायकिंग्जना वाटलं, यांना खेळाडू हवेत. काउबॉइजचा प्रशिक्षक जिमी जॉन्सन याचा डोळा पिक्सवर होता. माझ्या मते हा दाखला उलट्या बाजूचा आहे. अटी समोर होत्या आणि मान्य करणारी माणसं होती, त्यांचा अंदाज चुकला. कॉम्प्युटरला मुळात अंदाजच करता येत नाही.

म्हणून आमच्याकडे कॉम्प्युटरच्या संघाशी ट्रेड करायची असेल तर लीगमधला दुसरा कुणीतरी त्या संघाचा मॅनेजर म्हणून बसतो. त्याने नाही म्हटलं की ट्रेड रद्द. उतरतीला लागलेला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) वेळीच विकणं मात्र आम्ही चालू ठेवलंय, कारण त्याचं वय स्क्रीनवर दोघांनाही दिसतं.