उपवास, पेज आणि १९६६ चा निर्णय : गोव्यातल्या ख्रिस्ती साधेपणाची पार्श्वभूमी

साधेपणाने राहावे, थोडक्यात भागवावे आणि त्यात समाधान मानावे, हा विषय गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत आणि चर्चमध्ये पुन्हा बोलला जाऊ लागला आहे. २०१५ साली रोमहून पर्यावरणावर जे परिपत्रक निघाले त्यात संयमी जगण्याला आणि थोडक्यात आनंद मानण्याला ठळक जागा मिळाली, तेव्हापासून प्रवचनांतही हा सूर वरचेवर लागतो. तरुण मंडळींना तो नवा वाटतो. प्रत्यक्षात दोन-तीन पिढ्यांमागे हीच गोष्ट गोव्यात नियमाने, कॅलेंडरप्रमाणे आणि सगळ्या गावाने मिळून पाळली जात होती. ती कशी मोडली आणि त्यात उपवासाचे नियम सैल करणाऱ्या रोमच्या १९६६ च्या निर्णयाचा किती वाटा, हे समजून घेतल्याशिवाय आजची चर्चा अधांतरीच राहते.

जुना इतिहास थोडक्यात. सोळाव्या-सतराव्या शतकात गरिबीचे व्रत हे मठांचे काम मानले जाई. गंमत अशी की ते मठ ज्या शहरात उभे होते, ते ओल्ड गोवा त्या काळी श्रीमंतीसाठीच प्रसिद्ध होते. साधेपणाचे खरे उदाहरण घालून दिले ते बाणावलीत १६५१ साली जन्मलेल्या एका गोमंतकीय पाद्रीने. १६८७ साली तो मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरला, अंगावरच्या कपड्यांपलीकडे फारसे काही न बाळगता तिथेच राबला आणि १७११ साली कँडीला वारला. २०१५ च्या जानेवारीत कोलंबोत त्याला संतपद मिळाले. पुढे १८३५ साली सरकारने पुरुषांचे सगळे मठ बंद केले. सांता मोनिका मठातल्या जोगिणींना, म्हणजे व्रत घेतलेल्या बायकांना, तेवढे राहू दिले, पण नवीन कोणाला घ्यायचे नाही असे बंधन होते. शेवटची जोगीण १८८५ साली गेली आणि तेही दार बंद झाले. म्हणजे व्रत घेऊन गरिबीत राहणारी माणसे गोव्याच्या रोजच्या जगण्यातून पन्नास वर्षांत जवळजवळ नाहीशी झाली.

तरी साधेपणा मेला नाही, कारण तो घरात होता. फ्रान्सिस्कन परंपरेत संसारी माणसांसाठी एक तिसरा संघ असतो. लग्न, शेती, नोकरी सांभाळून साधे राहण्याचा नेम त्यात घ्यायचा. पिलारच्या मठवाल्यांनी रुजवलेली संतांची मिरवणूक गोंय वेल्हा गावात आजही ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी निघते, ती याच संघाच्या परंपरेतून. मठ गेला आणि मिरवणूक राहिली, यातच पुष्कळ काही येते. हणजुणेला १८६९ साली जन्मलेल्या आणि राशोलला १९२७ साली वारलेल्या ज्या पाद्रीच्या समाधीपाशी पिलारला लोक दर आठवड्याला जातात, त्याच्याबद्दलही गावात आधी सांगितले जाते ते त्याच्या अपुऱ्या जेवणाबद्दल आणि झिजलेल्या कपड्यांबद्दल. विद्वत्ता मागाहून येते.

घरातला हा साधेपणा पाहायचा तर १९४० ते १९७० हा काळ पाहावा. सकाळी दहा-अकराच्या सुमारास पेज. उकड्या तांदळाची, बुडकुल्यात (मातीच्या मडक्यात) शिजवलेली, पाण्यासकट वाढलेली. तोंडी लावायला मिठात मुरवलेले तोर (कैऱ्या), नाहीतर निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा, नाहीतर कालची कोडी, म्हणजे आदल्या दिवशीची माशांची आमटी मंद आचेवर आटवून घट्ट केलेली. टाकून देण्यासारखे त्या घरात काही उरतच नसे. पावसाळ्याची बेगमी मे महिन्यात होई. मडगावच्या होली स्पिरिट चर्चचे फेस्त (संताचा सण) पुरुमेंताचे, म्हणजे बेगमीचे, फेस्त म्हणूनच ओळखले जाते. सोलां (आमसुले), सुक्या मिरच्या, कांद्यांच्या माळा, खारवलेली मासळी, सुकी सुंगटे (कोळंबी), चिंच, माडाचे गूळ अशी चार महिन्यांची खरेदी करायची आणि त्याच फेरीत मिसही (चर्चमधली मुख्य उपासना) ऐकायची. काटकसर आणि भक्ती वेगळी काढता येणार नाही अशी ही सांगड मला फार मोलाची वाटते. दुसरे टोक ऑगस्टात : राय गावात पाच तारखेला नव्या भाताची कणसे चर्चमध्ये आशीर्वादाला आणतात.

वाटून खाण्याचीही शिस्त होती. लग्नाआधी भिकाऱ्यांचे जेवण घालत. घरातल्या मेलेल्या माणसांची आठवण म्हणून गरिबांना अंगणात बसवून, घरच्याच हातांनी वाढून जेवू घालायचे, त्यानंतर लग्नाचे बाकीचे. खुरसापाशी (क्रुसापाशी) लादिन्ह, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हटलेली प्रार्थना, झाली की जमलेल्या सगळ्यांना उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे काप. देणाऱ्याला परवडणारे आणि घेणाऱ्याला संकोच न वाटणारे.

मुंबईत गेलेल्या माणसांनी हीच रीत सोबत नेली. धोबीतलाव, माझगाव भागातल्या गावोगावच्या कुडी, म्हणजे एकेका गावच्या माणसांची सामाईक बिऱ्हाडे, एकोणिसाव्या शतकापासून चालत आल्या. बोटीवरचे खलाशी, आचारी, वाजंत्री तिथे उतरत. प्रत्येकाची पेटी भिंतीशी, रात्री जमिनीवर अंथरूण, महिन्याचे भाडे अगदी थोडे. एका टोकाला गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी तिच्यापुढे तेर्स (जपमाळेची प्रार्थना), तिला हजर राहणे हा कुडीचा नियम. वाचलेला पैसा गावी जाई. १९५४-५५ मध्ये भारताने पोर्तुगीज गोव्याची जी नाकेबंदी केली तिच्यात हीच वाट अडली आणि अनेक घरांना पेजेवर भागवण्याची सवय तेव्हा उपयोगी पडली.

आता वादाच्या मुद्द्याकडे येतो. या सगळ्या रचनेचा कणा होता कोरेज्म, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ. कॅथोलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे रविवार सोडून या काळातला प्रत्येक दिवस उपवासाचा असे : दिवसात एकच पोटभर जेवण, सकाळ-संध्याकाळ थोडेसे काही. वर्षभर दर शुक्रवारी मांस वर्ज्य. उपवास एकवीस वर्षांपुढच्या प्रौढांना, मांसवर्ज्य सात वर्षांच्या मुलापासून. थाटाची लग्ने या दिवसांत होत नसत.

मात्र पोर्तुगालच्या राज्यात या नियमाला जुनी पळवाट होती, आणि तिचा उल्लेख फार कमी होतो. 'बुला' नावाचा छापील कागद दरवर्षी ऐपतीप्रमाणे ठरलेले दान देऊन घ्यायचा. तो घेणाऱ्याला बऱ्याच वर्ज्य दिवशी मांस खायची मोकळीक मिळे. मूळ कल्पना मध्ययुगातल्या धर्मयुद्धांसाठी पैसा उभा करण्याची. पुढे पोर्तुगालात एकोणिसाव्या शतकात हा पैसा सेमिनऱ्यांकडे, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळांकडे, वळवला गेला. गोव्यातही बुला चाले. तिचे समर्थक म्हणत, दान हेही तपच आहे. टीकाकार म्हणत, पैसेवाल्याने तप विकत घेतले. मला दुसरे म्हणणे अधिक पटते, कारण दानाची रक्कम कितीही थोडी असली तरी ज्याच्या घरी मांस शिजतच नव्हते त्याला या कागदाचा उपयोग शून्य होता.

मग १७ फेब्रुवारी १९६६ ला रोमहून नवा आदेश निघाला आणि सहाच दिवसांनी, कोरेज्म जिथून सुरू होते त्या राखेच्या बुधवारी, २३ तारखेला तो लागू झाला. सक्तीचे उपवास उरले दोन : राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. मांसवर्ज्याचे वय सातावरून चौदावर गेले. शुक्रवार कायम राहिला, पण त्या त्या देशातल्या बिशपांच्या मंडळाला मुभा मिळाली : मांसवर्ज्याऐवजी प्रार्थना किंवा दयेचे काम चालेल असे ते ठरवू शकतात. कम्युनियनआधीचा, म्हणजे मिसमध्ये पवित्र भाकर घेण्याआधीचा, उपवास तर आधीच घटत आला होता. मध्यरात्रीपासूनचा तो १९५७ साली तीन तासांवर आणि १९६४ साली एका तासावर आला.

गोव्यात या निर्णयावर व्हायला हवी तशी चर्चा झाली नाही. पोर्तुगीज आर्चबिशप निघून गेलेले, मिस लॅटिनमधून कोकणीत येत होती आणि गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, या जनमत कौलाच्या गडबडीत जो तो होता. १६ जानेवारी १९६७ चा दिवस जवळ येत असताना शुक्रवारच्या ताटाकडे लक्ष कोणाचे?

निर्णयाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे सरळ आहे. सक्तीने उपाशी राहण्यात पुण्य कसले? शेतात राबणाऱ्या बाईला, बोटीवरच्या आचाऱ्याला तो नियम जाचकच होता. शिवाय गोव्यात मांसवर्ज्याचा अर्थ तरी काय? गरीब घरात डुकराचे मांस शिजायचे ते फेस्ताला, एरवी मासळीच. शुक्रवारी श्रीमंताने विसवण खाल्ली आणि गरिबाने तारली खाल्ली तर दोघांनीही नियम पाळला असेच धरायचे. हे सगळे खरे आहे आणि ते नाकारता येत नाही.

तरीही माझ्या मते हा निर्णय गोव्याला महागात पडला. नियम कडक होता म्हणून नव्हे, तो सगळ्यांचा होता म्हणून त्याची किंमत होती. चाळीस दिवस भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) घरातले ताट मुंडकाराच्या, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या, ताटाच्या जवळ सरकायचे. पुरते सारखे होत नसे, पण जवळ सरकायचे. मुंडकाराच्या मुलाला आपल्या पेजेची लाज वाटू नये इतके तरी व्हायचे. गरिबीतल्या जेवणाला देवाच्या नावाने मान मिळायचा. तप ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडले तेव्हा हा मान गेला आणि पेज पुन्हा नुसती गरिबाची झाली.

त्याच आदेशात आणखी एक विचार होता आणि तो गोव्यात फारसा पोहोचलाच नाही. जिथे सुबत्ता आहे तिथल्या ख्रिस्ती माणसाने अधिक त्यागाने राहावे. जिथे चणचण आहे तिथल्याने आपले सोसणे प्रार्थनेत अर्पावे, पण त्याबरोबर सामाजिक न्यायासाठी झटावेही. १९६६ चा गोवा या दोन्हींच्या मध्ये होता. खाणींचा पैसा काही घरांत आला होता, बहुतेकांच्या घरी अजून मनीऑर्डरची वाट पाहत होते. आदेशातली सवलत सगळ्यांनी घेतली. त्यागाची अपेक्षा सुबत्तेत आलेल्यांना ठामपणे कोणी सांगितली नाही.

इथे आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. समाधानाची शिकवण गोव्यात सगळ्यांनी सारख्या हेतूने दिली नाही. पौलाने तीमथ्याला लिहिले की अन्नवस्त्र असले तर तेवढ्यात आपण तृप्त असावे. हेच वचन भाटकाराच्या तोंडून मुंडकाराला ऐकवले गेले की त्याचा अर्थ पालटतो. ज्याचे घर दुसऱ्याच्या जमिनीवर, ज्याला भाटकाराकडच्या कार्याला बिनबोभाट राबायला जावे लागे, त्याला समाधान शिकवणे म्हणजे त्याचे तोंड बंद करणे. म्हणून १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती यांना मी या इतिहासाचाच भाग मानतो. डोक्यावरचे छप्पर आपले आहे ही खात्री झाल्यावरच माणूस थोडक्यात राहणे निवडू शकतो. कोन्फ्रारियांचेही, म्हणजे चर्चमधल्या भक्तमंडळांचेही, तसेच. वेदीपुढे सगळे सारखे असे म्हणायचे आणि मंडळाचा लाल ओपा (झगा) कोणी घालायचा यावर जातीवरून गावे दुभंगायची. फेस्ताच्या मानासाठी कर्ज काढणारी घरेही कमी नव्हती. साधेपणाच्या जुन्या दिवसांविषयी बोलताना हे झाकून ठेवणे योग्य नाही.

सत्तरच्या दशकात आखाताची वाट उघडली आणि चित्र झपाट्याने पालटले. किनाऱ्यावर त्याच सुमारास परदेशी तरुण साधेपणाच्या शोधात येऊन झोपड्यांत राहू लागले होते, आणि त्याच गावातली मुले आखातातून फ्रीज, टेपरेकॉर्डर आणि सोने घेऊन परतत होती. त्या मुलांना नावे ठेवायचा मला अधिकार नाही. पेज त्यांनी निवडलेली नव्हती. पण पैसा आला तेव्हा, तो कसा वापरावा हे दाखवणारी सामाईक शिस्त नुकतीच ढिली पडली होती, हा योगायोग गोव्याला भोवला. लग्ने अंगणातून हॉलमध्ये गेली, पाहुणे शेकड्यांवर गेले. भिकाऱ्यांचे जेवण अनेक घरांत वृद्धाश्रमात नेऊन द्यायच्या पाकिटांवर आले. पाकिटे देणे वाईट नाही. पण आपल्याच अंगणात, आपल्या हाताने वाढण्यात जे होते ते त्यात येत नाही.

१९८३ च्या नव्या धर्मसंहितेने १९६६ ची चौकट कायम ठेवली. उपवास अठरा वर्षांपासून एकोणसाठ पूर्ण होईपर्यंत, मांसवर्ज्य चौदा वर्षांपासून. दर शुक्रवार तपाचा दिवस आहे हे तिच्यात आजही लिहिलेले आहे, पण कम्युनियनच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असेल याची मला शंका आहे. देशभरात कोरेज्मच्या दिवसांत वाचवलेला पैसा गरिबांसाठी गोळा करण्याची मोहीम चालते. तिच्यात जुन्या रीतीचा धागा आहे, मात्र ज्याने त्याने आपापल्या इच्छेने द्यायचे असते.

इंग्लंड आणि वेल्समधल्या बिशपांनी सप्टेंबर २०११ पासून शुक्रवारचे मांसवर्ज्य पुन्हा सगळ्यांसाठी लागू केले. कारण त्यांनी हेच दिले की तप सगळ्यांनी मिळून केलेले बरे. तिथल्या पुष्कळ गोमंतकीय घरांनाही तो नियम आता लागू आहे. इथे काय करायचे याचा निर्णय इथल्या बिशपांच्या मंडळाने घ्यायचा आहे, आणि तसा अधिकार त्या मंडळाकडे १९६६ पासून आहे.