गेटवेचा डबा हलवण्याआधी एक मेसेज करा

"माणूस तिसऱ्या मजल्यावर प्लास्टर करतोय आणि ॲप त्याला पार्किंगमध्ये दाखवतंय." कोल्हापुरात कळंब्यापासून उचगावपर्यंतच्या बांधकामाच्या साईटवरून आम्हाला सर्वात जास्त फोन याच तक्रारीचे येतात. कामगाराच्या हेल्मेटवरचा हजेरीचा टॅग सहसा ठीकच असतो. टॅगचा सिग्नल पकडणारा गेटवेचा डबा कुणीतरी हलवलेला असतो.

टॅगला स्वतःची जागा माहीत नसते. तो ठरावीक सेकंदांनी ब्लूटूथवर फक्त आपला नंबर सोडतो. ज्या गेटवेला तो सर्वात जोरात मिळतो, त्याच्याजवळ माणूस आहे असं ॲप धरतं, आणि गेटवे कुठे आहे हे नकाशात आपणच नोंदवलेलं असतं. सेंट्रिंग (काँक्रीटचा तात्पुरता साचा) खोलताना पार्किंगमधला डबा सोडवून तिसऱ्या मजल्यावर टांगला, तरी नकाशात तो पार्किंगमध्येच राहतो. मग आठवड्याच्या पगाराला हजेरी जुळत नाही आणि ठेकेदाराशी वाद होतो.

म्हणून डबा सेंट्रिंगच्या टेकूला (जॅकला) किंवा प्लेटला बांधू नका. लोखंडी प्लेट सिग्नल अडवते, शिवाय ती निघाली की डबाही निघतो. प्लेटा उघडलेल्या कॉलमला, साधारण आठ फुटांवर, केबलचं तोंड खाली ठेवून बांधा. व्हायब्रेटर किंवा कटरच्या बोर्डावरून वीज घेऊ नका. कुणी प्लग काढला की तेवढ्या वेळेची नोंद गेली. पावसात प्लास्टिक गुंडाळू नका, आत दमट होतं. वर पत्र्याचा तुकडा पुरतो.

हलवावाच लागला तर व्हॉट्सॲपवर एवढंच लिहा: "डबा ४, तिसरा मजला, कॉलम सी-७, सकाळी ९.४०." आमचं उत्तर आल्यावर एक टॅग डब्याखाली दोन मिनिटं धरून ॲपमध्ये जागा तपासा. वेळ कळली तर मागच्या नोंदीही दुरुस्त होतात. वेळ कळवली नसेल तर आम्ही अंदाजाने आकडे बसवत नाही, कारण त्यावर कुणाचा तरी पगार ठरतो.

प्रत्येक गवंड्याच्या 'कामाची टक्केवारी'ही मागितली जाते. ती आम्ही देत नाही. टॅगवरून माणूस कुठल्या भागात किती वेळ होता एवढंच कळतं. हातात थापी होती की तो मालाची वाट बघत बसला होता, हे कळत नाही. सळया वाकवणारे बारबेंडर तीन तास खालीच दिसले तर आधी स्टील कधी उतरलं ते बघा. प्लास्टर किती चौरस फूट, वीटकाम किती ब्रास, ही मोजमापाची वही शेजारी ठेवली तरच तासांना अर्थ येतो. ती ॲपला जोडून देण्याची सोय आहे.

टॅग देताना कामगारांना तो कशासाठी आहे ते सांगा. जेवणाची जागा आणि शौचालय आम्ही नकाशातून वगळून देतो. इमारत चार मजल्यांच्या वर जाणार असेल तर सुरुवातीलाच जादा गेटवे घ्या, हलवाहलव वाचेल.